आपले प्रश्न: कुत्र्याच्या अंगावरचा प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो

आषाढात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाची झड लागते, बेळगाव शहरातही आठवडा आठवडा कपडे वाळत नाहीत, आणि त्याच सुमारास या सदराकडे कुत्र्यांच्या कातडीच्या तक्रारी घेऊन येणारी पत्रे वाढतात. या वेळी बहुतेक पत्रांचा विषय एकच असल्याने गाईगुरांचे इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात लावलेल्या मलमाचे नाव आहे; आधी तपासणी करून घेतल्याचा उल्लेख मात्र दोनच पत्रांत आहे, आणि उत्तरे लिहिताना माझा भर कुठे राहणार हे त्यावरूनच ठरले.

प्रश्न (खानापूर): आमच्याकडे चार महिन्यांचे गावठी पिल्लू आहे. त्याच्या नाकाच्या दांडीवर आणि एका डोळ्याच्या वर रुपयाएवढे गोल चट्टे पडून तेथील केस गेले आहेत. ते फारसे खाजवत नाही. पंधरा दिवसांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या दंडावर लाल कडा असलेले चकंदळ उठले. औषधाच्या दुकानातून आणलेले एकच मलम दोघांनाही लावले. चार दिवसांत लाली गेली, पण पुन्हा उठली ती दुप्पट मोठी. शेजारी म्हणतात, पिल्लाला लूत लागली आहे, त्याला लांब सोडून या. काय करावे?

उत्तर: पिल्लाला सोडून देऊ नये, ही विनंती आधी करतो. आजार गजकर्णाचा असला तरी तो बरा होणारा आहे. आणि सोडून दिलेले पिल्लू तोच आजार दुसऱ्या गल्लीत घेऊन जाते, त्यामुळे गावाचाही त्यात काही लाभ होत नाही.

तुमच्या वर्णनावरून गजकर्णाचा, म्हणजे बुरशीचा, संशय घेण्यास भक्कम आधार आहे. वय लहान आहे, चट्टे तोंडावर आहेत, खाज कमी आहे आणि घरातील मुलीच्या दंडावर कडेने लाल व मध्ये निवळलेले चकंदळ उठले आहे. ही बुरशी केस, नखे आणि कातडीचा सर्वांत वरचा मृत थर यांतील केरॅटिन या द्रव्यावर जगते. कुत्र्यांमध्ये ती प्रामुख्याने तीन प्रकारची आढळते. मायक्रोस्पोरम कॅनिस ही नावाने कुत्र्याची असली तरी तिचे खरे घर मांजर आहे, आणि बाहेरून अगदी निरोगी दिसणारे मांजरही ती अंगावर बाळगू शकते. मायक्रोस्पोरम जिप्सियम मातीत असते, म्हणून नाकाने आणि पंजांनी जमीन उकरणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडावर व पायांवर ती दिसते. काही वेळा तिच्यामुळे नाकावर चट्ट्याऐवजी लालसर, फुगीर गाठ येते. तिसरी ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीस, ती उंदीर-घुशींकडून येते. त्यामुळे माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा की, पडवीत एखादे मांजर झोपायला येते का, आणि पिल्लू परसात उंदरांची बिळे उकरते का? मूळ ठिकाण कळले नाही तर पिल्लू बरे होऊनही पुन्हा आजारी पडेल.

आता लूत. आपल्याकडे कुत्र्याचे केस गेले की सरसकट लूत म्हणण्याची पद्धत आहे, परंतु लूत ही बुरशीमुळे होत नाही, ती माइट या डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीमुळे होते. खरजेच्या किडीची लूत ओळखण्यास सोपी असते: कुत्रे रात्रंदिवस खाजवते, कानांच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे खपल्यांनी भरतात. अवघड आहे ती डेमोडेक्स नावाच्या दुसऱ्या किडीची लूत, कारण तीही पिल्लांनाच होते, तीही डोळ्यांभोवती आणि तोंडाजवळच सुरू होते आणि तिलाही सुरुवातीला खाज नसते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. एका पिल्लाच्या डोळ्याजवळचे गोल चट्टे पाहून, कातडी न खरवडता, मी तीन आठवडे बुरशीचे औषध दिले. चट्टे मानेपर्यंत पसरले तेव्हा खरवडून काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर लांबट, सिगारेटच्या आकाराच्या, पुढच्या बाजूला आठ आखूड पाय असलेल्या किडी एका नजरेत दहा-बारा दिसल्या. त्या पिल्लाचे तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले, आणि तेव्हापासून चट्टा कितीही ओळखीचा वाटला तरी मी खरवडल्याशिवाय औषध लिहीत नाही.

तपासणी फार मोठी नसते. चट्ट्याच्या मधले नव्हे, कडेचे, तुटके आणि निस्तेज दिसणारे केस चिमट्याने मुळासकट उपटून काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात. निरोगी केस सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत, सरळ काडीसारखा दिसतो. बुरशी लागलेला केस जाड, धुरकट आणि कडेने विसकटलेला असतो आणि त्याच्याभोवती बारीक मण्यांचा थर चिकटल्यासारखे बीजाणू, म्हणजे बुरशीची बीजे, दिसतात. ते दिसले की निदान त्याच टेबलावर झाले. दिसले नाहीत तर केस कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवावे लागतात. त्यासाठीच्या खास माध्यमावर बुरशी वाढू लागताच माध्यमाचा पिवळा रंग लाल होतो. अंतिम निकालासाठी दोन ते तीन आठवडे थांबावे लागते, आणि केवळ रंगावर विश्वास न ठेवता वाढलेली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच तिचे नाव ठरवतात. तपासणीला नेण्याआधी अंगाला तेल, हळद, मलम काहीही लावू नये.

तुमच्या मलमाविषयी. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असे शब्द आहेत का ते पाहावे. ही स्टेरॉइडे आहेत. त्यांनी लाली आणि खाज दबते, म्हणून माणसाला गुण आला असे वाटते. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरते. चार दिवसांत लाली जाऊन दुप्पट होऊन परत येणे हे याचेच लक्षण मानावे. आजार डेमोडेक्सचा असता तरी या मलमाने तो चिघळलाच असता. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी दुकानात ती मागताच मिळतात, याची मला मनापासून चिंता वाटते. मुलीला ते मलम लावणे आजच थांबवून तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि घरात पिल्लू आहे व त्यालाही चट्टे आहेत, हे त्यांना आवर्जून सांगावे. तेवढ्या एका वाक्याने त्यांचे निदान सोपे होते.

निदान पक्के झाल्यावर उपचार दोन बाजूंनी चालतात. अंगावरचे बीजाणू मारण्यासाठी क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरतात. तो सर्वांगाला लावावा लागतो, कारण बीजाणू चट्ट्याच्या बाहेरच्या केसांवरही असतात. आणि फेस घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे अंगावर ठेवावा लागतो. दोन मिनिटांत धुऊन टाकलेल्या शाम्पूचा उपयोग होत नाही. केसांच्या मुळातील बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन पोटातून देतात. त्याची मात्रा पशुवैद्य वजनावरून ठरवतील. माणसाची कॅप्सूल अंदाजाने अर्धी करून देऊ नये. सुदृढ पिल्लू काही महिन्यांत आपोआपही बरे होऊ शकते, परंतु तोवर ते घरभर बीजाणू पसरवत राहते, आणि तुमच्या घरात लहान मूल आहे. तेवढे दिवस पिल्लाला अंथरुणात घेऊ नये, त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलीला, त्याचा लळा असला तरी, थोडे लांब ठेवावे. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, म्हणून घरातील इतरांवरही महिनाभर लक्ष असू द्यावे.

प्रश्न (निपाणी): आमच्या सहा वर्षांच्या लॅब्राडोरच्या अंगाला दर पावसाळ्यात कुबट वास येतो. कातडी तेलकट होते, कानांत काळपट मळ साचतो, आणि पंजे चाटून चाटून बोटांमधले पांढरट केस तांबूस झाले आहेत. ओळखीचे लोक तंबाखूच्या पाण्याने धुण्यास किंवा गाडीचे जळके ऑइल लावण्यास सांगतात.

उत्तर: दोन्ही करू नये. निपाणीत तंबाखू घरोघरी ओळखीची असल्यामुळे तिच्या विषारीपणाकडे दुर्लक्ष होते. तंबाखूच्या पाण्यातील निकोटीन ओल्या आणि खाजवून सोललेल्या कातडीतून अंगात उतरते, शिवाय कुत्रे ते चाटते. लाळ गळणे, उलट्या, अंगाचा थरकाप, झटके आणि मृत्यूपर्यंत प्रकरण जाऊ शकते. जळक्या ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि इंधनाचे विषारी अवशेष असतात, तेही चाटण्यातून पोटात जातात. रॉकेलाने कातडी भाजते. ऑइल लावल्यावर खपल्या मऊ पडून गळतात आणि कातडी चकचकीत दिसते, म्हणून गुण आल्याचा भास होतो, एवढेच त्यात तथ्य आहे. कोणी असे काही आधीच लावले असेल तर ते भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाने आणि कोमट पाण्याने धुऊन काढावे आणि तातडीने दवाखाना गाठावा.

तुम्ही वर्णन केलेला त्रास बहुधा मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा आहे. ही गजकर्णाची बुरशी नव्हे. ती यीस्ट जातीची असून निरोगी कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या फटींत आणि ओठांच्या घड्यांत थोड्या प्रमाणात नेहमीच असते, आणि गजकर्णासारखी ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. ओल, घाम, तेलकटपणा वाढला की तिची संख्या वाढते. गजकर्णात खाज कमी असते, इथे ती फार असते. गजकर्णाचा चट्टा कोरडा आणि कोंडा सुटलेला असतो, इथे कातडी चिकट होते आणि जुनाट झाली की काळी, जाड, सुरकुतलेली होते. निदानासाठी पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबून उचलतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टरफलासकट असलेल्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या, मध्ये आवळलेल्या पेशी दिसतात. तपासणीला पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

उपचारात २ टक्के मायकोनॅझोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, हा मार्ग चांगला पारखलेला आहे. पंजे बाहेरून आल्यावर धुऊन बोटांच्या फटी कोरड्या पुसाव्यात. कानांत मात्र स्वतःहून थेंब घालू नयेत, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपणा येऊ शकतो.

परंतु तुमच्या पत्रातील ‘दर पावसाळ्यात’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मॅलासेझिया सहसा आपल्या बळावर वाढत नाही. तिच्या मागे दुसरे कारण असते. ॲलर्जी हे त्यांतले पहिले, पिसवांची असो, खाण्यातील असो किंवा हवेतील धुळीची असो. मध्यम वयाच्या कुत्र्यात थायरॉइड मंदावणे हे दुसरे. सुस्ती आली आहे, कमी खाऊनही वजन वाढते आहे, असे असेल तर रक्त तपासून घ्यावे. ते कारण हाती लागले नाही तर पुढच्या ज्येष्ठात तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

प्रश्न (बेळगाव): निळसर दिव्याखाली आमच्या कुत्रीचे केस चमकले नाहीत, म्हणून बुरशी नाही असे आम्हाला सांगण्यात आले. हे खात्रीचे आहे का?

उत्तर: नाही. या वुड्स दिव्याखाली कुत्र्यांतील नेहमीच्या बुरश्यांपैकी केवळ मायक्रोस्पोरम कॅनिस चमकते. मातीतली आणि उंदरांकडून आलेली बुरशी चमकत नाही. चमकले तरी ते हिरव्या सफरचंदाच्या रंगाचे आणि केसाच्या दांड्यावर असले पाहिजे. कोंडा, मलम आणि साबणाचे अवशेषही निळे-पांढरे चमकतात आणि फसवतात. चमकलेला केस तपासणीसाठी अचूक निवडता येतो, हा या दिव्याचा खरा उपयोग आहे. तुमच्या कुत्रीचे केस कल्चरला पाठवावेत.

प्रश्न (अथणी): आमच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याच्या दोन्ही कोपरांवर केस जाऊन कातडी जाड, राखाडी झाली आहे. बुरशीचे मलम महिनाभर लावले, फरक नाही.

उत्तर: फरक पडणारही नाही, कारण वर्णनावरून ते घट्टे दिसतात. मुधोळ हाउंड सडपातळ, हाडे वर दिसणारा आणि आखूड केसांचा असतो; फरशीवर बसता-उठता कोपराचे हाड कातडीवर दाबले जाते. दोन्ही बाजूंना सारखेच असणे हीही त्याचीच खूण आहे. मलम बंद करावे आणि जाड गोधडी किंवा गादी अंथरावी. घट्ट्याला भेग पडली, पू आला किंवा सूज आली तरच दवाखान्यात न्यावे.

प्रश्न (चिकोडी तालुका): गोठ्यातील दोन वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी, जाड खपल्या आहेत. राखणीचे कुत्रे त्यांच्याजवळच झोपते आणि त्याच्याही कपाळावर तसाच चट्टा आला आहे. पडवी शेणाने सारवलेली आहे, ती निर्जंतुक कशी करावी? गंधक खोबरेल तेलात कालवून लावले तर चालेल का?

उत्तर: वासरांना बहुधा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीचे गजकर्ण आहे. ते दाटीने बांधलेल्या लहान जनावरांत पसरते, माणसाला हमखास लागू शकते आणि कधीकधी कुत्र्यालाही होते. त्यामुळे वासरे आणि कुत्रे दोघांचीही तपासणी व उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत. धार काढणाऱ्यांच्या हातांवर, मानेवर चकंदळे आहेत का, तेही पाहावे.

गंधकाबद्दल तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. गंधक बुरशीवर चालते आणि चुना-गंधकाचे तयार द्रावण जनावरांच्या गजकर्णावर वैद्यकात मान्य आहे. परंतु तेलात कालवलेली कच्ची भुकटी ही वेगळी गोष्ट आहे: तिचे प्रमाण ठरलेले नसते, कातडी भाजू शकते, कुत्रे ती चाटते, आणि तेलाच्या थरावर तुटके केस व धूळ चिकटून राहते. तयार द्रावण मिळाल्यास ते पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे वापरावे. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि पांढरे केस तात्पुरते पिवळट होतात, याची तयारी ठेवावी.

आता जमीन. गळलेल्या केसांवरील बीजाणू कोरड्या जागी १८ महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून हा भाग औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र बीजाणू स्वतःहून जमिनीत वाढत नाहीत. ते केस आणि कोंड्यासोबत पडलेले असतात. त्यामुळे केस उचलणे हेच मुख्य काम आहे, जंतुनाशक त्यानंतर येते. सारवलेल्या जमिनीवर ब्लीच टाकून उपयोग नाही, कारण शेण-मातीत ते लगेच निकामी होते. कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेचा वरचा थर पाणी शिंपडून, धूळ न उडवता, खरवडून काढावा, खड्ड्यात पुरावा आणि मग नव्याने सारवावे. कुत्र्याच्या अंगाखालचे गोणपाट सरळ जाळावे. घोंगडी टाकवत नसेल तर ती झटकून नव्हे, ओल्या फडक्याने केस काढून, साबणाच्या भरपूर पाण्यात दोनदा धुवावी आणि उन्हात वाळवावी. उपचार चालू असेपर्यंत कुत्र्याला शहाबादी फरशी असलेल्या एखाद्या भागात ठेवता आले तर काम निम्म्याने हलके होते. फरशी आधी साबणाने घासून, धुऊन, मग लिटरभर पाण्यात १० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून ती दहा मिनिटे ओली ठेवावी आणि कोरडी झाल्यावरच कुत्र्याला तिथे सोडावे. ब्लीच संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. फिनेल कुत्र्याच्या अंगाला लावू नये आणि जिथे मांजर वावरते तिथे तर ते मुळीच नको.

प्रश्न (संकेश्वर): कल्चरमध्ये मायक्रोस्पोरम कॅनिस निघाले. तीन आठवडे इट्राकोनॅझोल दिल्यावर आमच्या पॉमेरेनियन कुत्रीचे केस पुन्हा आले आहेत. औषध महाग आहे. आता थांबवावे का? तिला पुढील महिन्यात माजावर आल्यावर कुत्रा दाखवण्याचाही विचार आहे.

उत्तर: खर्चाची अडचण मी समजू शकतो, तरी आता थांबवू नये. केस उगवणे हे डोळ्यांना दिसणारे बरे होणे आहे. बुरशी त्यानंतरही काही आठवडे केसांत टिकते. पूर्ण उपचाराला बहुधा सहा ते दहा आठवडे लागतात, आणि मध्येच सोडलेल्या औषधाने आजार उलटला तर पहिल्यापासून सारा खर्च पुन्हा करावा लागतो. मोठ्या केसांच्या जातीत तर थोडी अधिकच काळजी घ्यावी. गुंता झालेले केस बोथट टोकाच्या कात्रीने, कातडीला इजा न करता, आखूड करून घेतले तर शाम्पू मुळापर्यंत पोहोचतो आणि तोही कमी लागतो. कापलेले केस कागदात गोळा करून जाळावेत.

कॅप्सूल जेवणासोबत द्यावी. भूक मंदावली, उलट्या झाल्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला तर औषध थांबवून लगेच पशुवैद्यांना दाखवावे, कारण हे औषध यकृतावर ताण आणू शकते. आणि या वेळी तिला कुत्रा दाखवू नये. पोटात पिल्ले असताना इट्राकोनॅझोल देणे योग्य नाही, आणि पर्याय म्हणून सुचवले जाणारे ग्रिसिओफल्विन तर गर्भात व्यंग निर्माण करते. शिवाय आजारी आईची पिल्ले जन्मताच तिच्या अंगाला चिकटतात आणि त्यांना लागणीपासून वाचवणे कठीण होते. हा माज जाऊ द्यावा.

थांबण्याची वेळ कल्चर ठरवेल. बाजारातला नवा, न वापरलेला टूथब्रश घेऊन तो तिच्या सर्वांगावरून, विशेषतः जुन्या चट्ट्यांवरून, दोन-तीन मिनिटे केसांच्या दिशेने फिरवावा, ब्रशमध्ये केस अडकलेले दिसले पाहिजेत, आणि तो स्वच्छ पिशवीत बंद करून पशुवैद्यांकडे द्यावा. शाम्पूने धुतल्यानंतर लगेच नमुना घेऊ नये. पुढच्या धुण्याच्या आधी घ्यावा. पहिला नमुना आता, औषधाच्या चौथ्या आठवड्यात, द्यावा आणि दुसरा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. दोन्हींत बुरशी उगवली नाही की त्या दिवशी कॅप्सूल बंद करावी.